अझीझियातली बोर आणि टोरांटोचं कोर्ट

२६ नोव्हेंबर २००४, शुक्रवार

मार्चमध्ये सोडून दिलेली डायरी आज पुन्हा काढली. मधल्या पानांवर आमच्या हिनं, अंजनानं, लोणच्यांच्या कृती उतरवल्या आहेत. त्या फाडल्या नाहीत. या वहीतलं पुढेमागे काही टिकलंच, तर तेवढंच टिकेल.

काढायचं कारण मजीद. तो दर शुक्रवारी नमाजानंतर येतोच, पण येताना हत्यारांची पिशवी आणतो. आमचा एसी बिघडलेला असो वा नसो, तो उघडतो, पुसतो, परत बसवतो आणि मगच जेवायला बसतो. फुकट जेवल्यासारखं वाटू नये म्हणून. आज पिशवी नव्हती. खिशातून फॅक्सची गुंडाळी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, इंग्रजी वाचलं मी. पण तुम्ही वाचल्याशिवाय खरं वाटत नाय."

मी वाचलं आणि ते खरं झालं. कॅनडाच्या निर्वासित मंडळानं बबीताचा अर्ज नामंजूर केला आहे.

बबीता म्हणजे मजीदची बायको. माण तालुक्यातली, इथे दोह्यातल्या एका इस्पितळात नर्स होती. मजीद दापोलीकडचा, एसी मेकॅनिक. नर्सांच्या वसतिगृहातला एक एसी दुरुस्त करायला गेला आणि तो एसी काही केल्या दुरुस्तच होईना, एवढीच प्रेमकथा मला ठाऊक आहे. अठ्ठ्याण्णव साली लग्न झालं. दोन हजार दोनमध्ये सुट्टीवर गेले, तेव्हा तिच्या भावांनी गावच्या स्टँडवर याचं मनगट मोडलं, लग्नाचा दाखला फाडला आणि पुन्हा दिसलात तर दोघांनाही सोडणार नाही असं सांगितलं. चौकीवर म्हणाले, "घरातलं भांडण घरात मिटवा." मनगट अजून पुरतं वळत नाही.

इथे परत आले, तर वर्षभरात बबीताचा करार संपला. मेकॅनिकच्या हुद्द्याला कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. या देशात आसरा मागायची सोय नाही. काम असतं, नाहीतर विमान असतं. तेव्हा ती छोट्या लेकीला, इनायाला, घेऊन टोरांटोला मैत्रिणीकडे गेली आणि तिथे आसरा मागितला. मजीद इथेच थांबला. तिला आसरा मिळाला की त्यालाही बोलावता येईल, असा बेत.

नामंजुरीचं कारण वाचून मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. सदस्यमहाशय लिहितात: अर्जदार बाईला नवऱ्याचं नाव दोनदा विचारलं, तिला ते सांगता आलं नाही. ती अडखळली, खाली पाहत राहिली, मग भलतंच काही बोलू लागली. अर्जात लिहिलेलं नाव जिला तोंडानं सांगता येत नाही, तिचं लग्न झालंच आहे यावर विश्वास ठेवणं कठीण. लग्नच नाही, तर लग्नापायी धोका कसला? दाखल्याची झेरॉक्स आहे, पण तिला 'कमी वजन'.

तर्क चोख आहे. पाठशाळेत आमच्या गुरुजींनी पाठ थोपटली असती. पर्वतावर धूर आहे, सबब अग्नी आहे. फक्त महाशयांना दिसला तो धूर नव्हता, धुकं होतं.

"तिनं नाव का नाय सांगितलं?" मजीदनं विचारलं.

"अरे, तिनं तुझं नाव कधी घेतलंय का?"

तो बराच विचार करत बसला. "नाय," म्हणाला. "मला बोलवायचं तर ती भांडं आपटायची."

२८ नोव्हेंबर, रविवार

ऑफिसातून टोरांटोच्या वकीलबाईंशी बोललो. मंडळापुढे बबीता एकटीच गेली होती. या बाई आता नव्यानं आल्या आहेत. भराभरा बोलतात, पण शेवटी "समजलं का?" असं प्रत्येक वेळी विचारतात, त्यामुळे न समजलेलं समजलं म्हणायची पाळी येते.

मला कळलं ते असं. कोर्टात दाद मागता येते. पण कोर्ट बबीता खरी की खोटी हे पाहणार नाही. ज्यानं तिला पारखलं, त्यानं नीट पारखलं का, एवढंच पाहणार. मजीदला हे सांगताना मला आपलं एस. एस. सी. बोर्ड आठवलं. "फेरमोजणी असते बघ. उत्तर बरोबर होतं का हे कुणी पाहत नाही. परीक्षकानं बेरीज नीट केली का, पान उलटायचं राहिलं का, तेवढंच."

"मी दहावी नापास," मजीद म्हणाला. "फेरमोजणी केली होती. तीन मार्क कमी झाले."

त्यातही आधी कोर्टाची परवानगी लागते, मगच सुनावणी. परवानगी नाकारली, तर मायलेकींना विमानात बसवतील, आणि ते विमान दोह्याला येणार नाही. मुंबईला जाईल. तिथून माण फार लांब नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार

सांगलीच्या आमच्या दैनिकासाठी 'दोह्याचं पत्र' लिहायला बसलो. संपादकांना उंच इमारती हव्यात. दोन हजार सहाच्या अखेरीस आशियाई खेळ आहेत, त्यामुळे आमच्या अल अझीझियाच्या शेजारी क्रीडानगरी उठते आहे. समुद्रात भराव टाकून एक आख्खं बेट तयार करताहेत, त्याला मोती म्हणणार. लिहिलं सगळं. दिवसा इथल्या इंग्रजी दैनिकात सिमेंटच्या जाहिरातींची मुद्रितं तपासतो, त्यामुळे आकडे तोंडपाठ आहेत.

मनात मात्र दुसरंच दोहा. आम्ही आलो तेव्हा कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, एकच मोठं हॉटेल होतं, आणि नवा माणूस आला की त्याला ते दाखवायला नेत. दाखवून झालं की सगळे मिळून समुद्राकडे बघत, कारण बघायला आणखी काही नव्हतं.

या व्हिलाचे मालकानं मधे भिंत घालून आणि तिच्यात एक दार ठेवून दोन भाग केले. पुढे आम्ही, मागे मजीद-बबीता. अंगण एकच, आणि अंगणात एक बोर. इथले लोक तिला सिद्र म्हणतात आणि फार मानतात. संध्याकाळी तिच्याखाली सतरंजी पडायची. बबीता ड्युटीवरून आली की युनिफॉर्मवरच बसायची आणि मला म्हणायची, "दादा, आज कुठला श्लोक?" मी सांगितला की मजीद विचारायचा, "ह्याचा उपयोग काय?" आणि मी म्हणायचो, "काही नाही." हे रोज. काय ते दिवस! कुणाचंच काही अडलेलं नव्हतं, किंवा अडलेलं मला दिसत नव्हतं.

बबीता गेल्यावर मजीद कंपनीच्या खोलीवर गेला; मागच्या भागात आता पाच सुतार राहतात. सज्जन आहेत. सतरंजी टाकत नाहीत.

१० डिसेंबर, शुक्रवार

शपथपत्र लिहायला घेतलं. वकीलबाईंनी मागितलेलं नाही, पण मागितल्याशिवाय देणं हाच ज्ञानाचा स्वभाव. विषय: 'भारतीय स्त्रीनं पतीचं नाव न उच्चारण्याची परंपरा.' धर्मशास्त्रापासून सुरुवात केली. शास्त्र खरं तर पुरुषालाही पत्नीचं नाव घेऊ देत नाही. ते कलम मी जरा पुढे ढकललं आहे, कारण या वहीत अंजनाचं नाव पानोपानी आहे.

चौथ्या पानावर असताना स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, ऐकलं का? बबीताचा फोन होता. ती म्हणते, तिनं तिथं उखाण्यात नाव घेतलं होतं."

"हो का," मी म्हटलं.

"अहो, हो का काय? तिनं घेतलं होतं म्हणते!"

"अंजना, मी गृह्यसूत्रांत आहे."

"मग तिथंच जेवा."

बायकांचं हे असं असतं. लेकराबाळांवर संकट आलं तरी यांना उखाणे सुचतात. इकडे मी प्रमाणं गोळा करतोय की स्त्री नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, आणि तिकडून दर घटकेला 'अहो' आणि 'ऐकलं का'. एकाग्रता कशी व्हावी?

१७ डिसेंबर, शुक्रवार

प्रबंध पूर्ण. इंग्रजी फार उतरलं आहे. मजीदला वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत जागा राहिला, यावरून त्याचं बायकोवर किती प्रेम आहे ते कळतं. "ह्यात बबीता कुठं आली?" असं विचारलं त्यानं. मी म्हटलं, ती सर्वत्र आहे. सूत्ररूपानं.

त्यानं आज एसी उघडला नाही. नुसता समोर बसून त्याच्याकडे बघत होता.

प्रबंध कुरियरनं रवाना.

२९ डिसेंबर, बुधवार

वकीलबाईंचा ई-मेल. प्रबंध 'फॅसिनेटिंग' आहे, त्यांनी तो वडलांना वाचायला दिला आहे, आणि कोर्टात त्याचा उपयोग शून्य आहे. मंडळापुढे जे नव्हतं, ते कोर्टापुढे सहसा ठेवता येत नाही. पुरावा सुनावणीच्या वेळी जो होता तोच.

म्हणजे पाहुण्यानं ताटात जे वाढलं होतं ते नीट चाखलं का, एवढाच प्रश्न. आता मागाहून बासुंदी आणून चालणार नाही. तत्त्व मान्य आहे. पण बासुंदी चांगली होती.

अंजनाला सांगितलं तर म्हणाली, "मग तेच तर मी सांगतेय. तिनं तिथं, त्या साहेबापुढंच…" मी म्हटलं, कायद्याची बाब गुंतागुंतीची आहे. तिनं पोळपाट जरा जोरात ठेवला. आमच्याकडेही भांडी आपटतात तर.

५ जानेवारी २००५, बुधवार

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

ऑफिसातून आलो तर अंजना फोनवर. इंग्रजीतून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला इंग्रजी बोलताना मी फक्त सुपरमार्केटात ऐकलं होतं, तेही 'नो, नो, फ्रेश'. आणि इथे ठणठणीत आवाजात: "मॅडम, शी टोल्ड द नेम. इन पोएम. ही आस्क सेकंड टाइम, शी टोल्ड. दॅट हिंदी मॅन डिड नॉट टेल." मग: "येस. टेप. यू लिसन टेप." मग माझ्याकडे पाठ करून: "नो मॅडम, हजबंड इज बिझी."

फोन ठेवून म्हणाली, "चहा टाकते."

हळूहळू उलगडा झाला. त्या दिवशी मराठी दुभाष्या मिळाला नव्हता, म्हणून हिंदीवाला दिला होता. पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा बबीता म्हणाली, "इनायाचे पप्पा." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला वाटलं, एवढी मोठी मंडळी टेबलापलीकडे बसलीत, आग्रह करताहेत, म्हणजे आता रीतीनं घ्यायला हवं. आणि तिनं उभं राहून उखाणा घेतला. हिंदीवाल्याला तो कळला नाही. सुनावणीची कॅसेट असते. ती आजवर कुणी ऐकली नव्हती.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

अंजनानं माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन करायला माझ्याकडे संस्कृतातही शब्द नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

कॅसेटची नक्कल काल आली. वकीलबाईंची चिठ्ठी: 'यात बाई नक्की काय म्हणतात ते कळवा. आमच्याकडे सगळ्यांना ते गाणं वाटतंय.'

मजीद लवकर आला. अंजनानं तिळगूळ दिला. त्यानं तो हातातच धरून ठेवला. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि मी बटण दाबलं.

आधी खुर्च्या सरकल्याचे आवाज. सदस्यांचा आवाज, सौम्य, थोडा सर्दीचा. दुष्ट माणूस वाटला नाही. वाटता तर सोपं गेलं असतं. मग हिंदी. मग बबीता. दीड वर्षांत मजीदनं तो आवाज फोनवर ऐकला होता, पण या खोलीत नाही. त्याची मान खाली गेली.

"आपके पति का नाम?"

"इनायाचे पप्पा… इनाया के पप्पा."

"नाम बताइए. नाम."

कुठेतरी पंखा फिरत असावा. मग खुर्ची मागे सरकली, आणि बबीता, आमच्या अंगणात घ्यायची तशी, जरा वरच्या पट्टीत, शब्द तोडून तोडून:

"तीळ अजून तव्यावर, दारी आली ईद,
वाळवंटात बोरीची सावली, धनी माझे मजीद."

आणि लगेच दुभाष्या, इंग्रजीत: "सर, ती काहीतरी कविता म्हणते आहे. प्रश्नाशी संबंध नाही."

आणि सदस्य: "तिला म्हणावं, प्रश्नाचं उत्तर दे."

मी बटण बंद केलं. अंजना पदर तोंडाला लावून उभी होती. मजीद म्हणाला, "परत लावा." परत लावलं. "परत," म्हणाला. असं किती वेळा ते मोजलं नाही.

उखाणा माझा आहे. सन दोन हजारची संक्रांत. त्या वर्षी ईद आठवडाभर आधी येऊन गेली होती. अंजनानं हळदीकुंकू केलं, बोरीखालीच. बबीता या घोळक्यात नवी होती आणि सगळ्याजणी तिला नाव घ्यायचा आग्रह करत होत्या. ती आत येऊन माझ्यापुढे उभी. "दादा, पाया पडते, यांच्या नावाला यमक द्या." रावांना यमक कुणीही जुळवतं. मजीदला म्हणजे कसोटी होती. 'ताकीद' सुचलं होतं, पण ते हळदीकुंकवाला बरं दिसेना. मग ईद आठवली. पाच मिनिटांत पाठ करून ती बाहेर गेली आणि असं घेतलं की पलीकडच्या व्हिलातली इजिप्तची म्हातारी भिंतीवरून डोकावली. इनायाला कडेवर घेऊन मजीद एसीच्या आडोशाला उभा होता. हातात आलेली बोरं त्यानं ओठांत धरून ठेवली होती, हसू दिसू नये म्हणून.

चार-पाच वर्षं तिनं ते सांभाळलं, आणि नेमकं तिथे नेऊन वाढलं. ताटात होतं की! पाहुण्यानं झाकण उघडलं नाही.

२१ जानेवारी, शुक्रवार. बकरी ईदचा दुसरा दिवस

भाषांतर मी करू शकत नाही. मी ओळखीचा, आणि त्यातून कवी. वकीलबाई म्हणतात, कवीची साक्ष कवितेच्या बाजूनं होण्याची शक्यता असते. टोरांटोतल्या अनोळखी मराठी बाईंकडून करून घेतलं. त्यांनी शपथेवर सांगितलं की हा 'पतीचं नाव उच्चारण्याचा रूढ औपचारिक प्रकार' आहे, आणि दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द हे पतीचं नाव आहे. अर्जात लिहिलं आहे तेच.

माझ्या आख्ख्या प्रबंधाचं काम एका वाक्यात झालं. 'वाळवंटात बोरीची सावली' याचं त्यांनी 'काटेरी झाड' केलं आहे. मी निषेधाचा ई-मेल लिहिला आणि अंजनाच्या सांगण्यावरून पाठवला नाही.

१८ मार्च, शुक्रवार

परवानगी मिळाली. सुनावणी जूनमध्ये.

मजीदनं आज एसी उघडला. हरवलेला एक स्क्रू त्याला आतच सापडला. मी म्हटलं, शुभशकुन. तो म्हणाला, "मीच विसरलो होतो, शास्त्रीबुवा. नोव्हेंबरात."

बोरीला या वर्षी फळ बेताचं. सुतारांनी आणून दिली थोडी.

२० मे, शुक्रवार

व्हिलाच्या मालकाचा माणूस आला होता. अतिशय नम्र. जुलैअखेर जागा खाली करायची. पाडून फ्लॅट बांधणार. "खलास, उस्ताद. नवं दोहा!" असं म्हणून त्यानं मला खजूर दिला. बोरीचं काय, विचारलं. तिला कोणी हात लावणार नाही, इन्शाल्ला, म्हणाला. नकाशात मात्र त्या जागी पार्किंग आहे. 

अंजना सामान बांधताना जुने फोटो काढून बसते आणि मग काहीच बांधलं जात नाही. मी रागावणार होतो. मीही बसलो.

१० जून, शुक्रवार

सुनावणी बुधवारी झाली. बबीतानं अंजनाला सांगितलं, अंजनानं मला, आणि या खेपेला मी नीट ऐकलं.

सरकारी वकील म्हणाले, भाषांतर चुकत होतं तर बाईंनी तिथल्या तिथे तक्रार का केली नाही? आमच्या वकीलबाई म्हणाल्या, जिला इंग्रजी पुरतं कळत नाही, तिनं इंग्रजीत काय गळलं हे कसं ओळखावं? तिनं तर नाव घेतलं होतं. तिला वाटलं, पोचलं.

मग न्यायाधीशांनी त्या दोन ओळींचं भाषांतर वाचायला लावलं. वाचून झाल्यावर विचारलं, "हे काटेरी झाड कोणतं?" वकीलबाईंना सांगता येईना. मागच्या बाकावर बबीता बसली होती, तिला बोलायची मुभा नव्हती. निकाल मागाहून.

तो ई-मेल पाठवायला हवा होता.

८ जुलै, शुक्रवार

निकाल आला. मंडळाचा निर्णय रद्द. अर्जदारानं प्रश्नाचं उत्तर दिलं होतं आणि ते मंडळापर्यंत पोचलंच नाही. तिचं मौन म्हणून जे धरलं गेलं ते मौन नव्हतं, असं न्यायाधीशांनी लिहिलं आहे. प्रकरण मंडळाकडे परत. नव्या सदस्यापुढे, नव्यानं.

"म्हणजे जिंकलो?" मजीदनं विचारलं.

"म्हणजे जुना पेपर रद्द. पुन्हा परीक्षा, परीक्षक नवा."

"आणि तो पण नाव विचारणार?"

"विचारणारच."

या वेळी मराठी दुभाष्या देणार आहेत. पण वकीलबाईंचं स्पष्ट सांगणं आहे: कविता नको. विचारलं की एका शब्दात नाव सांगायचं, डोळ्याला डोळा देऊन. तोवर सराव करा.

अंजना हे ऐकून म्हणाली, "एका शब्दात! सोपं वाटतंय त्यांना."

२९ जुलै, शुक्रवार

या घरातलं शेवटचं पान. सामान काल ट्रकनं अल रय्यानच्या फ्लॅटवर गेलं. मागचे सुतारही गेले. मधलं दार उघडंच आहे. आज फक्त एसी काढायचा होता आणि फोन. फोन उद्या कापणार, म्हणून अंजनानं सराव आजच ठरवला. रिकाम्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर फोन, त्याचा स्पीकर सुरू, आणि आमचं बोलणं भिंतींवरून दुप्पट होऊन परत येत होतं. मजीद मागच्या बाजूला तोंड करून, स्टुलावर उभा, एसीचे स्क्रू सोडवत होता. आपण ऐकतच नाही असं दाखवत.

"हां बबीता, मी आता साहेब," अंजना म्हणाली. "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

"वहिनी, न्हाय जमायचं. जीभच वळंना."

"वळव. इंजेक्शनं देतेस ना लोकांना? त्यांना वळतं का?"

"त्ये येगळं. हे… हे समोर हाईत का तिथं?"

"नाहीत," अंजना सरळ खोटं बोलली. स्टुलावरचा हात थांबला.

"तुम्ही घेता का दादांचं? आधी तुम्ही घ्या."

मला वाटलं आता उखाणा येणार. आमच्या हिच्याकडे साठा आहे, आणि कारखाना घरचाच. पण अंजनानं फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शाळेतल्या हजेरीसारखं माझं नाव घेतलं. नुसतं. राव नाही, पंत नाही. आईनं ठेवलेलं. ती गेल्यापासून ते कुणी असं घेतलेलं नाही. मी उगाच भिंतीवरचा खिळा उपटायला गेलो.

"अगं बया," तिकडून बबीता. मग हसू. मग हसण्यात दुसरंच काहीतरी मिसळलं. मागून इनायाचा आवाज, शुद्ध टोरांटोचा: "मम्मी, जस्ट से इट. इट्स ईझी."

"तू गप गं." मग मोठा श्वास. इतका मोठा की तो इथे खोलीभर ऐकू आला.

"मजीद."

"ओ!" स्टुलावरून आवाज आला. स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून तो खाली उतरला आणि मधल्या दारातून मागच्या, त्यांच्या जुन्या स्वयंपाकघराकडे झपाझप चालत गेला. तिथे कुणी नाही, हे त्याला उंबऱ्यापाशी पोचल्यावर आठवलं.